फाईल चुकीच्या प्रोग्राममध्ये उघडते आहे? डिफॉल्ट जोडणी पूर्ववत करण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज आणि कुपवाड परिसरातील दुकाने, सोसायट्या, शाळा आणि घरे यांतून माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांपैकी काही संगणक मुळात बिघडलेलेच नसतात. फाईल ज्या प्रोग्राममध्ये उघडायला हवी त्यात न उघडता भलत्याच प्रोग्राममध्ये उघडते, एवढीच अडचण असते. परंतु फाईल गेली, व्हायरस आला किंवा विंडोज नव्याने टाकावे लागणार, अशा धास्तीने माणसे संगणक उचलून आणतात. त्या वेळी जे प्रश्न हमखास विचारले जातात त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. सूचना प्रामुख्याने विंडोज १० आणि विंडोज ११ यांना लागू पडतात.

फाईलची डिफॉल्ट जोडणी म्हणजे नेमके काय?

प्रत्येक फाईलच्या नावाच्या शेवटी एक टिंब आणि त्यापुढे तीन-चार अक्षरे असतात. पीडीएफ, जेपीजी, डॉकएक्स, एक्सएलएसएक्स ही त्याची उदाहरणे. यालाच एक्स्टेंशन म्हणतात आणि आपल्याकडे बोलताना बरेच जण त्याला फाईलचे शेपूट म्हणतात. आपण फाईलवर डबल क्लिक केले की विंडोज फाईलच्या आत डोकावत नाही; ते फक्त हे शेपूट पाहते, त्या शेपटासमोर कोणत्या प्रोग्रामचे नाव नोंदवलेले आहे ते शोधते आणि तो प्रोग्राम सुरू करून फाईल त्याच्या हवाली करते. ही नोंद म्हणजेच डिफॉल्ट जोडणी. ती फाईलमध्ये नसते, तर विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपल्या सर्व सेटिंग्ज जेथे नोंदवून ठेवते तेथे असते, आणि प्रत्येक प्रकारासाठी एकच असते. त्यामुळे एका पीडीएफची जोडणी बदलली की आपल्या यूजर खात्यात सगळ्या पीडीएफ फाईलींची बदलते.

जोडणी चुकली म्हणजे माझी फाईल खराब झाली का? ती पूर्ववत करताना माहिती पुसली जाईल का?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर नाही असे आहे. जोडणी बदलल्याने किंवा पूर्ववत केल्याने फाईलमधील एक अक्षरही इकडचे तिकडे होत नाही.

मात्र एक इशारा मी प्रत्येकाला आवर्जून देतो. चुकीच्या प्रोग्राममध्ये फाईल उघडल्याने ती बिघडत नाही. चुकीच्या प्रोग्राममध्ये उघडून सेव्ह केल्याने ती बिघडू शकते. वर्डची फाईल नोटपॅडमध्ये उघडली की अगम्य चिन्हांचा सडा दिसतो. अशा वेळी गोंधळून कंट्रोल आणि एस या कळा दाबल्या गेल्या, तर ती फाईल पुन्हा वर्डमध्ये उघडेलच याची खात्री देता येत नाही. म्हणून काही विचित्र दिसले तर प्रथम खिडकी बंद करावी, आणि सेव्ह करायचे का असे विचारल्यास ‘डोन्ट सेव्ह’ निवडावे.

माझ्या संगणकावर फाईलच्या नावापुढे शेपूट दिसतच नाही. ते कसे पाहावे?

विंडोज ओळखीची एक्स्टेंशन आपणहून लपवून ठेवते. माझ्या मते ही सोय नसून अडचण आहे, आणि हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक संगणकावर मी ती प्रथम बंद करतो. विंडोज १० मध्ये फाईल एक्स्प्लोरर उघडून वरच्या ‘व्ह्यू’ या टॅबमध्ये ‘फाईल नेम एक्स्टेंशन्स’ या चौकटीत खूण करावी. विंडोज ११ मध्ये ‘व्ह्यू’, त्यात ‘शो’ आणि त्यात तीच ओळ निवडावी. हे केल्याशिवाय पुढची कोणतीही दुरुस्ती करू नये, कारण कोणत्या प्रकारची जोडणी बदलायची आहे हेच त्याशिवाय निश्चित होत नाही.

फक्त एकाच प्रकारच्या फाईलची जोडणी कशी बदलावी?

बहुतेकांना प्रत्यक्षात एवढेच हवे असते. सर्वांत सोपा मार्ग असा: फाईलवर राइट क्लिक करून ‘ओपन विथ’ आणि त्यातील ‘चूज अनदर ॲप’ निवडावे. समोर येणाऱ्या यादीत हवा तो प्रोग्राम एकदा क्लिक करून निवडावा. विंडोज १० मध्ये खाली ‘ऑलवेज यूज धिस ॲप’ अशी चौकट असते, तिच्यावर खूण करून मग ओके दाबावे. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत ‘ऑलवेज’ आणि ‘जस्ट वन्स’ अशी दोन बटणे असतात, त्यांतील पहिले दाबावे. बहुतेक चुका याच जागी होतात. घाईत पाहण्यापुरती फाईल उघडायची असते आणि ‘जस्ट वन्स’ ऐवजी ‘ऑलवेज’ दाबले जाते. दुसऱ्या दिवशी सगळे फोटो पेंटमध्ये उघडू लागतात आणि आदल्या दिवशी आपण काय दाबले ते कोणालाच आठवत नाही.

दुसरा मार्ग सेटिंग्जमधून जातो. विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘ॲप्स’, ‘डिफॉल्ट ॲप्स’ या क्रमाने गेल्यावर वरच्या बाजूला एक रिकामी चौकट दिसते. तिच्यात टिंबासह एक्स्टेंशन टाईप केले की सध्या जोडलेला प्रोग्राम खाली दिसतो, त्यावर क्लिक करून नवा निवडता येतो. विंडोज १० मध्ये त्याच पानाच्या तळाशी ‘चूज डिफॉल्ट ॲप्स बाय फाईल टाईप’ ही ओळ आहे. ती उघडल्यावर सर्व प्रकारांची लांबलचक यादी येते. यादी भरायला थोडा वेळ लागतो, तेवढा धीर धरावा.

यादीत आपला प्रोग्रामच दिसत नसेल, तर तो संगणकावर आहे का हे आधी पाहावे. फ्लेक्सच्या दुकानातून आलेली सीडीआर फाईल ही कोरलड्रॉची असते. तो प्रोग्राम संगणकावर नसेल तर जोडणी कितीही बदलली तरी ती उघडणार नाही. अशा वेळी दुकानदाराकडून मजकुराची पीडीएफ मागून घेणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

सगळ्या जोडण्या एकदम मूळ स्थितीत आणता येतात का?

येतात. विंडोज १० मध्ये ‘डिफॉल्ट ॲप्स’ या पानावर खाली ‘रिसेट टु द मायक्रोसॉफ्ट रेकमेंडेड डिफॉल्ट्स’ असे शीर्षक आणि त्याखाली ‘रिसेट’ हे बटण आहे. विंडोज ११ मध्ये त्याच पानावर ‘रिसेट ऑल डिफॉल्ट ॲप्स’ अशी ओळ आहे.

परंतु बटण दाबण्यापूर्वी त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. येथे ‘मूळ स्थिती’ म्हणजे आपण संगणक घेतल्यावर हळूहळू बसवलेली घडी नव्हे, तर मायक्रोसॉफ्टने ठरवलेली घडी. पीडीएफ आणि वेबपाने मायक्रोसॉफ्टच्या एज या ब्राउझरकडे जातात, फोटो ‘फोटोज’ या ॲपकडे जातात, गाणी आणि व्हिडिओ विंडोजच्या स्वतःच्या ॲपकडे जातात. आपण व्हीएलसी, क्रोम किंवा ॲक्रोबॅट रीडर निवडलेला असेल तर ती निवड निघून जाते. ते प्रोग्राम संगणकावरच राहतात, पण डबल क्लिकने सुरू होत नाहीत. केलेला रिसेट मागे घेण्यासाठी वेगळे बटण नाही. म्हणून मी नेहमी आधी ‘डिफॉल्ट ॲप्स’च्या पानाचे मोबाईलवर फोटो काढून घेतो आणि मगच हात घालतो. एक-दोन प्रकार बिघडले असतील तर तेवढेच दुरुस्त करावेत. कशाला काय जोडले आहे याचा पत्ताच लागत नसेल तेव्हा हे बटण वापरावे.

आमच्या सोसायटीत अजून विंडोज ७ आहे. तेथे हे बटण सापडत नाही.

विंडोज ७ मध्ये असे एकत्रित बटण नाही. ‘कंट्रोल पॅनेल’ मधील ‘डिफॉल्ट प्रोग्राम्स’ या विभागात जाऊन ‘असोसिएट अ फाईल टाईप’ या ओळीतून एकेक प्रकार दुरुस्त करावा लागतो. विंडोज ७ साठीच्या सुरक्षा सुधारणा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० साठीच्या सर्वसाधारण सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या आहेत, हेही लक्षात असू द्यावे. लोकांच्या ठेवींचे हिशेब ज्या संगणकावर आहेत, तो संगणक इंटरनेटला जोडून विंडोज ७ वर चालवणे मला योग्य वाटत नाही.

पीडीएफ नेहमी ब्राउझरमध्येच उघडते. त्याने काही बिघडते का? की तशीच ठेवली तरी चालेल?

नुसती वाचायची असेल तर तशीच ठेवावी, काही बिघडत नाही. मात्र डिजिटल स्वाक्षरी असलेल्या कागदपत्रांसाठी ॲक्रोबॅट रीडर जोडलेला असावा असे माझे ठाम मत आहे.

ई-आधारचे उदाहरण घ्या. ही पीडीएफ उघडताना पासवर्ड विचारला जातो. नावाची पहिली चार अक्षरे इंग्रजी मोठ्या लिपीत आणि त्यापुढे जन्मवर्षाचे चार अंक हा तो पासवर्ड. फाईल ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडली की स्वाक्षरीच्या जागी बहुतेक वेळा पिवळे प्रश्नचिन्ह दिसते. ते पाहून कागद खोटा आहे असे समजू नये. स्वाक्षरी अजून तपासली गेलेली नाही एवढाच त्याचा अर्थ आहे. त्यावर राइट क्लिक करून ‘व्हॅलिडेट सिग्नेचर’ निवडावे, स्वाक्षरीच्या माहितीत जाऊन प्रमाणपत्र विश्वासार्ह यादीत घ्यावे आणि पुन्हा तपासणी करावी. प्रश्नचिन्हाच्या जागी हिरवी बरोबरची खूण येते. ब्राउझरमध्ये उघडलेल्या प्रतीवर ही तपासणी अशी करता येत नाही, आणि तेथून छापलेल्या कागदावर प्रश्नचिन्ह तसेच राहिल्यामुळे काउंटरवर हरकत घेतली जाते. डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाराबाबतही अशी विचारणा होते; त्या उताऱ्यावर पडताळणी क्रमांकही असतो आणि तो संकेतस्थळावर टाकून खातरजमा करता येते.

जोडणी बदलण्यासाठी कोणत्याही पीडीएफवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे आणि ‘ओपन्स विथ’ या ओळीसमोरील ‘चेंज’ हे बटण दाबून ॲक्रोबॅट रीडर निवडावा.

मी बदलतो, पण काही दिवसांनी जोडणी आपोआप पहिल्यासारखी होते. असे का होते?

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, आपली निवड रजिस्ट्रीत नोंदवताना विंडोज तिच्यासोबत एक पडताळणी-खूण साठवते. आपण स्वतः विंडोजच्या खिडकीतून निवड केली तरच ही खूण जुळते. एखाद्या प्रोग्रामने परस्पर नोंद बदलली की खूण जुळत नाही, आणि मग विंडोज ती निवड रद्द करून आपले डिफॉल्ट ॲप बसवते. कोपऱ्यात ‘ॲन ॲप डिफॉल्ट वॉज रिसेट’ अशी सूचना दिसली तर हेच घडले आहे असे समजावे. हा नियम खोडकर प्रोग्रामांना आळा घालण्यासाठी आहे. त्यामुळे प्रोग्रामच्या आतील ‘मला डिफॉल्ट करा’ या बटणावर विसंबून न राहता वर सांगितल्याप्रमाणे सेटिंग्जमधूनच बदल करावा; तो टिकतो. त्यानंतरही बदल टिकत नसेल, तर एखादा जुना ‘क्लीनर’ किंवा ‘ट्यूनअप’ प्रकारचा प्रोग्राम संगणकावर आहे का ते पाहून तो काढून टाकावा. ऑफिसच्या नेटवर्कमधील संगणकावर प्रशासकाने ठरवलेली यादी दर लॉगिनला पुन्हा लागू होत असेल, तर बदल त्यांच्याकडूनच करून घ्यावा लागतो.

डेस्कटॉपवरचे सगळे आयकॉन अचानक एकसारखे झाले आणि कशावरही क्लिक केले तरी एकच प्रोग्राम उघडतो. हा व्हायरस आहे का?

बहुधा नाही. तासगावजवळच्या एका बेदाणा व्यापाऱ्यांचा संगणक असाच माझ्याकडे आला होता. पडद्यावर हिशेबाचा प्रोग्राम, ब्राउझर, प्रिंटरचे सॉफ्टवेअर, सगळ्यांची चित्रे पीडीएफची झाली होती आणि प्रत्येकावर क्लिक केल्यावर पीडीएफ रीडर उघडून ‘ही फाईल उघडता येत नाही’ असे सांगत होता. फोनवरून कोणीतरी त्यांना संगणक फॉरमॅट करण्याचा सल्ला दिला होता. आत अनेक वर्षांची खातेवही होती आणि बॅकअप कोठेही नव्हता. त्या सल्ल्याप्रमाणे ते वागले असते तर एका चुकीच्या क्लिकची किंमत साऱ्या हिशेबाने मोजावी लागली असती.

कारण साधे होते. डेस्कटॉपवरील आयकॉन हे प्रत्यक्ष प्रोग्राम नसतात, ते शॉर्टकट असतात, आणि शॉर्टकट हीसुद्धा एक फाईलच असते. तिचे शेपूट एलएनके असे असते आणि ते विंडोज कधीच दाखवत नाही. या एलएनकेलाच चुकून पीडीएफ रीडर जोडला गेला होता. शॉर्टकट चालत नसले तरी विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबल्यावर येणारी ‘रन’ची चौकट चालते; तीत रेजेडिट टाईप करून रजिस्ट्री एडिटर उघडला. प्रथम ‘एक्स्पोर्ट’ने प्रत काढून ठेवली. मग एचकी करंट यूजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, एक्स्प्लोरर, फाईल एक्स्ट्स, डॉट एलएनके या वाटेने जाऊन तेथील ‘यूजर चॉइस’ एवढीच नोंद काढून टाकली, साइन आउट केले आणि पुन्हा आत आलो. एकेक करून सगळी चित्रे आपापल्या जागी परत आली. रजिस्ट्रीची सवय नसेल तर हे काम जाणकाराच्या देखरेखीखाली करावे, कारण तेथे शेजारची नोंद पुसली गेली तर नवीच अडचण उभी राहते. ईएक्सई या प्रकाराची जोडणी बिघडली असेल तर रजिस्ट्री एडिटरही उघडत नाही. अशा वेळी दुसऱ्या यूजर खात्यातून आत जाऊन दुरुस्ती करावी लागते किंवा सिस्टिम रिस्टोअरने आधीच्या तारखेला जावे लागते.

फाईलचे शेपूटच बदलून टाकले तर चालेल का?

बहुतेक वेळा नाही. डॉकएक्सचे नाव बदलून पीडीएफ केल्याने आतला मजकूर पीडीएफ होत नाही. डब्यावरची चिठ्ठी तेवढी बदलते. पीडीएफ हवी असेल तर वर्डमधून ‘सेव्ह ॲज’ करून पीडीएफ हा प्रकार निवडावा. एक अपवाद मात्र उपयोगाचा आहे. ब्राउझरमधून उतरवलेला फोटो कधीकधी जेएफआयएफ या नावाने साठतो आणि भरतीच्या किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जात तो घेतला जात नाही. आतला फोटो जेपीईजीच असतो, त्यामुळे शेपूट जेपीजी केले तरी तो चालतो.

फाईल बरोबर प्रोग्राममध्ये उघडते, पण मराठी अक्षरे विचित्र दिसतात. जोडणी रिसेट करू का?

करू नये, कारण दोष जोडणीत नाही. जुन्या छापखान्यातील किंवा जुन्या टंकलेखनाची फाईल युनिकोड ही आजची सर्वमान्य अक्षरपद्धत येण्यापूर्वीच्या श्री-लिपीसारख्या फाँटमध्ये असेल, तर तो फाँट संगणकावर टाकल्याखेरीज किंवा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याखेरीज ती वाचता येणार नाही.

सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाईलींचे प्रकरण मात्र जोडणीशी निगडित आहे, आणि ते मला सर्वांत काळजीचे वाटते. सभासदांची यादी सीएसव्ही प्रकारात उतरवली आणि डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली, तर नावांच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेले इंग्रजी ए हे अक्षर पुन्हा पुन्हा दिसते. फाईल यूटीएफ-८ या युनिकोडच्या प्रकारात असते आणि एक्सेल ती जुन्या पद्धतीने वाचते, म्हणून असे होते. शिवाय खातेक्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये गळतात, आणि १५ पेक्षा जास्त अंकी क्रमांकाचे १५ नंतरचे अंक शून्य होतात. नुसते पाहून बंद केले तर मूळ फाईल शाबूत राहते. परंतु त्याच अवस्थेत सेव्ह केले तर ते अंक कायमचे जातात आणि नावेही बिघडू शकतात. म्हणून रिकामे एक्सेल उघडून ‘डेटा’ या टॅबमधील ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ने फाईल आत घ्यावी, ‘फाईल ओरिजिन’मध्ये ६५००१ युनिकोड यूटीएफ-८ निवडावे आणि खातेक्रमांकाचा स्तंभ ‘टेक्स्ट’ ठेवावा. ज्यांच्याकडे अशा याद्या रोज येतात त्यांनी सीएसव्हीची जोडणी नोटपॅडला करून ठेवावी असे मी सुचवतो, म्हणजे सवयीने डबल क्लिक झाले तरी आकड्यांना धक्का लागत नाही.

लग्नपत्रिका म्हणून आलेली फाईल उघडत नाही. तिला कोणता प्रोग्राम जोडू?

आधी शेपूट पाहा. नावात पीडीएफ असले तरी सर्वांत शेवटी ईएक्सई असेल तर ती पत्रिका नसून प्रोग्राम आहे. मोबाईलवर एपीके या शेपटाची पत्रिका आली असेल तर तेही ॲपच आहे आणि असे ॲप बसवल्यावर बँकेचे संदेश परस्पर वाचले जाऊ शकतात. अशा फाईलीला काहीही जोडू नये, ती काढून टाकावी.

आरटीएफ फाईली पूर्वी उघडत होत्या, नव्या संगणकावर उघडत नाहीत.

त्या वर्डपॅडमध्ये उघडत होत्या. विंडोज ११ च्या २०२४ मधील मोठ्या सुधारणेपासून वर्डपॅड काढून टाकण्यात आले आहे. वर्ड असेल तर ते जोडावे, नसेल तर लिबरऑफिस विनामूल्य मिळते.

घरातील दुसऱ्या व्यक्तीच्या खात्यातही हा बदल होईल का?

नाही. प्रत्येक यूजर खात्याची निवड स्वतंत्र असते.

मोबाईल आणि मॅकवर काय करावे?

अँड्रॉइडवर ‘सेटिंग्ज’मधील ‘ॲप्स’मध्ये जाऊन, जे ॲप नको असताना उघडते ते निवडावे आणि ‘ओपन बाय डिफॉल्ट’ या ओळीतील पसंती पुसून टाकावी. पुढच्या वेळी फोन पुन्हा विचारतो. फोनच्या कंपनीनुसार शब्द थोडे वेगळे असतात. मॅकवर फाईल निवडून कमांड आणि आय दाबावे, ‘ओपन विथ’मध्ये प्रोग्राम निवडावा आणि त्याखालील ‘चेंज ऑल’ दाबावे. हे बटण राहून गेले तर बदल त्या एकाच फाईलीपुरता होतो.

शाळेत एकसारखे दहा संगणक आहेत. प्रत्येकावर हे सगळे पुन्हा करावे लागेल का?

एका संगणकावर जोडण्या नीट बसवून, प्रशासक म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमधून (आज्ञा टाईप करण्याची खिडकी) विंडोजच्या डिझम या आज्ञेने त्यांची यादी एका एक्सएमएल फाईलमध्ये काढता येते आणि ती पेन ड्राइव्हवरून इतर संगणकांवर लागू करता येते. मात्र ही यादी त्यानंतर प्रथमच लॉगिन करणाऱ्या नव्या खात्यांना लागू होते, आधीपासून असलेल्या खात्यांना नाही. म्हणून विद्यार्थ्यांची खाती तयार करण्यापूर्वीच ती बसवावी, आणि यादीतील प्रत्येक प्रोग्राम त्या संगणकावर आधी टाकलेला असल्याची खात्री करून घ्यावी.